पट्टा लावलेले देव

परवापरवापर्यंत आमच्या घरचे देव पट्टा लावून बसायचे. देवघरात पूर्वी चौरंग होता, त्या जागी गाडीत लहान मुलांना बसवायची लाल खुर्ची ठेवलेली होती. खुर्चीत बांबूची दुरडी आणि दुरडीत महादेवाची पिंड, खंडोबाचा टाक, देवीचा टाक. खांद्यांवरून येणारे पट्टे, कमरेचे पट्टे आणि त्यांना मधोमध अडकवणारा खटका. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, सकाळी अंघोळ करून यायच्या, खटका उघडायच्या, देव न्हाऊ घालायच्या, हळदकुंकू वाहायच्या आणि खटका पुन्हा लावायच्या. त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. दिंद्रुडमध्ये आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे आणि दुकानामागंच घर, त्यामुळं गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाया आत डोकावून हात जोडून जायच्या. मी तिकडं पाहायचंच टाळायचे. पाहिलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. ती खुर्ची माझ्या लेकीची होती.

माझं माहेर गेवराईचं, तेही हायवेच्या अगदी कडेचं. वडिलांचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं आणि हॉटेलच्या मागं आम्ही राहायचो. ट्रकवाल्यांनी थांबावं म्हणून बाहेर बाजा टाकलेल्या असत. रस्त्यावर काही झालं की माणसं आधी त्या बाजांवर आणली जायची, दवाखान्याची गाडी मागून यायची. आई चुलीवरचं सोडून पाणी आणि फडकी घेऊन धावायची. आम्हा भावंडांना तिकडं फिरकू नका अशी ताकीद असायची आणि आम्ही दाराच्या फटीतून सगळं बघायचो.

त्यातली एक बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. बाजेवर ती ताठ बसली होती आणि दोन्ही हात मांडीभोवती गोल धरले होते, आत काहीतरी असल्यासारखे. "हितंच होतं," ती म्हणत होती, "माझ्या मांडीवरच होतं." आईनं तिच्या तोंडाला पाणी लावलं, ती प्याली, पण हात काही सोडले नाहीत. तिचं लेकरू गाडीच्या पुढच्या काचेतून बाहेर गेलं होतं. तेव्हापासून मांडी या गोष्टीवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच. लोक मला वेडी म्हणतात, म्हणोत.

लग्न होऊन मी दिंद्रुडला आले तर इथं सगळा कारभारच मांडीवर. लेकरू जन्मलं की पहिल्यांदा कुणाच्या मांडीवर, कान कुणाच्या मांडीवर टोचायचे, जावळ कुणाच्या मांडीवर काढायचं, याच्यावरून माणसं रुसतात आणि वर्षानुवर्षं बोलत नाहीत. पाहुणा आला की आधी पाणी नाही, आधी त्याच्या मांडीवर लेकरू. नाही दिलं तर तो त्याचा अपमान. गाडीत तर विचारूच नका. लेकरू या मांडीवरून त्या मांडीवर, पुढून मागं, मागून पुढं, प्रसादाच्या ताटासारखं फिरत असतं आणि सगळ्यांना त्याचं कौतुक.

माझी मुलगी झाली तेव्हा भावाला मी एकच गोष्ट मागितली. बाळंतविडा नको, वाळे नकोत, गाडीत बसवायची खुर्ची आण. तो संभाजीनगरहून ही लाल खुर्ची घेऊन आला. माहेरची वस्तू, तीही मामानं आणलेली, म्हणून सासरी कुणाला थेट नाही म्हणता येईना. आत्याबाईंनी तिला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, लाल टोपलं.

"आमी चार लेकरं मांडीवर वाढवली," त्या म्हणाल्या. "एक बी पडलं न्हाई. आमच्या मांडीला काय काटे हायत का?"

"काटे नाहीत, आत्याबाई. पण धक्का बसला की हातात काही राहत नाही."

"कावून बसंल धक्का? माझा लेक काय दारू पिऊन चालवतो?"

माझा नवरा खरंच चांगली गाडी चालवतो. सावकाश, समोर बघून, फोन खिशात ठेवून. पण रस्त्यावर एकटा तोच चालवत नाही ना. हे मी इतक्या वेळा बोलले की शेवटी शेवटी माझं तोंड उघडलं की मामंजी, म्हणजे सासरे, उठून दुकानात जायला लागले. मी हट्ट सोडला नाही. भांडले, रडले, दोनदा तर गाडीतून खाली उतरून उभी राहिले. लेक खुर्चीत बसल्याशिवाय मी दार लावू द्यायची नाही.

आणि गंमत म्हणजे लेकीला ती खुर्ची आवडली. तिथून तिला खिडकीबाहेरचं दिसायचं, म्हशी, ट्रॅक्टर, रस्त्याकडेचे पेरूवाले. बोलायला लागली तशी ती तिला "माझी खुची" म्हणायला लागली. खटका तिचा तिला लावायचा असायचा. बोटांत जोर नव्हता, मग मी तिच्या बोटावर माझं बोट ठेवून दाबायचे आणि आवाज आला की ती टाळ्या वाजवायची. मला वाटलं, जिंकले मी.

तोवर पट्ट्याचा कायदा आमच्याकडं जोरात आला होता. म्हणजे कायदा आधीपासून होताच, पण आता हायवेवर पोलीस उभे राहायला लागले, कॅमेरे लागले, कुणाकुणाच्या मोबाइलवर दंड येऊन पडला. मागं बसणाऱ्यानंही पट्टा लावायचा म्हणे. लोकांनी काय केलं? पट्टा लावला नाही, पट्ट्याची सोय लावली. गाडीच्या सामानाच्या दुकानात नुसतं बक्कल मिळतं, पट्टा नसलेलं. ते खाचेत घातलं की गाडीची टिंगटिंग बंद. मामंजींनी ते आणलं. पोलीस दिसले की ते पट्टा हातानं छातीवर ओढून धरायचे आणि पोलीस मागं पडले की सोडून द्यायचे. पट्टा सर्रकन परत जायचा आणि मामंजी मोकळा श्वास घ्यायचे, जणू काही मोठं संकट टळलं. मी मागून सगळं बघत असायचे. हसावं की डोकं आपटावं, कळायचं नाही.

लेकरांच्या खुर्चीबद्दल मात्र आम्हाला कुणी कधी हटकलं नाही. कायद्यात आहे, पण रस्त्यावर त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. तिथं मी एकटीच पोलीस होते.

मग दिराचं लग्न ठरलं. आमच्याकडं लग्नाआधी घरचे देव गंगेला न्यायची पद्धत आहे. गोदावरीला आमच्याकडं कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. देव दुरडीत घालून न्यायचे, गंगेत न्हाऊ घालायचे, बेल-फूल वाहायचं आणि घरी आणून मगच लग्नाच्या कामाला हात लावायचा. यात एक गोष्ट महत्त्वाची. गंगेवरून निघालेले देव घरच्या देवघरापर्यंत खाली टेकवायचे नाहीत. जमिनीवर नाही, गाडीत पायाशी नाही, डिकीत तर नाहीच नाही. कुणाच्या तरी मांडीवर यायचे, आणि ती मांडी सोवळ्याची हवी.

आम्ही पाच जण निघालो. नवरदेवानं गंगेवर यायचं नसतं म्हणून दीर दुकानावर थांबला. नवरा गाडी चालवायला, त्याच्या शेजारी मामंजी. मागं एका खिडकीशी आत्याबाई, दुसऱ्या खिडकीशी लेकीची खुर्ची, मध्ये मी. जाताना सगळं नीट झालं. देव आत्याबाईंच्या मांडीवर होते, लेक खुर्चीत होती, आणि देवांमुळं का होईना, आत्याबाईंची मांडी गुंतलेली आहे या विचारानं मी निवांत होते. देवांवर मी एवढी खूश कधीच नव्हते.

गंगेवर देवांची अंघोळ झाली. लेक वाळूत मनसोक्त खेळली, ओली झाली, शेवटी पेंगुळली आणि किरकिर करायला लागली. आम्ही गाडीत बसायला आलो तेव्हा ती आजीकडं हात पसरून रडत होती. आत्याबाईंच्या हातात ओली दुरडी. आजीचं काळीज ते. त्यांनी लेकीकडं पाहिलं, दुरडीकडं पाहिलं, लाल खुर्चीकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"देव ह्याच्यात बसवू," त्या म्हणाल्या. "लई झ्याक जागा हाय. बांधायला बी हाय. आन् लेकरू दे माझ्याकडं."

"नको," मी म्हणाले, "देव माझ्याकडं द्या."

"तू तिला आत्ता अंगावर पाजलंस. सोवळ्यात हायस का?"

"मग मामंजींकडं द्या."

मामंजींना साखर होती. जाताना दोनदा गाडी थांबवून ते झाडामागं जाऊन आले होते आणि येतानाही जाणार होते. लघवीला जाऊन आलेल्या माणसाच्या मांडीवर देव द्यायचे? आत्याबाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मामंजीही ओशाळून दुसरीकडं बघायला लागले.

मी नवऱ्याकडं वळले. "अहो, तुम्ही सांगा. मी पाया पडते तुमच्या. तिला खुर्चीतच बसवा. देव आत्याबाईंच्या मांडीवर होते तसे राहू द्या."

"आईचे गुडघे लई दुखतेत," तो म्हणाला. "जाताना बी दुरडीनं पाय बधिर झालते तिचे. असू दे ना एक दिवस. मी सावकाश नेतो."

"मग मी हिला घेऊन एसटीनं येते."

"लगीनघरात तमाशा करतीस का? आन् एसटीत काय खुर्ची हाय?"

ते मात्र खरं होतं. एसटीत तरी काय होतं? तिथंही माझी मांडीच होती, आणि माझी मांडी काही लोखंडाची नव्हती. नदीवर आलेली माणसं आमच्याकडं बघायला लागली होती. लेक रडत होती. मी म्हणत राहिले, नको, नको हो, ऐका माझं, आणि माझं म्हणणं एखाद्या हट्टी पोराच्या रडण्यासारखं सगळ्यांच्या कानांवरून जात राहिलं. आत्याबाईंनी दुरडी खुर्चीत ठेवली. लेकीच्या वेळी त्यांना कधी न जमलेले पट्टे त्यांनी देवांना मात्र एकेक करून बरोबर लावले आणि आवाज येईपर्यंत खटका दाबला. मग लेक मांडीवर घेतली. ती लगेच गप्प झाली.

एका बाजूला देव, एका बाजूला लेक, मध्ये मी. मी माझा पट्टा लावला आणि एक हात लेकीच्या पोटावर ठेवला. आत्याबाईंनी तो हळूच बाजूला केला.

हायवेवर लांबून पोलिसांची गाडी दिसली. मामंजींनी सवयीनं पट्टा छातीवर ओढला. "मागं बी लावा गं, आज सणासुदीला दंड नको," ते म्हणाले. आत्याबाईंनी कधी नव्हे तो पट्टा खेचला आणि स्वतःवरून, लेकीवरूनही, असा एकच पट्टा घेऊन अडकवला. दोघी एका पट्ट्यात. माझ्याकडं बघून त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "हे बघ, झालं का समाधान? बांधली तुझी लेक."

"असं नसतं करायचं, आत्याबाई. तिच्यावरून काढा तो. धक्का बसला तर तुमचा सगळा भार तिच्यावर येईल, ती तुमच्यात आणि पट्ट्यात चिरडेल."

"चांगलं बोल गं, देव गाडीत हायत."

पोलीस मागं पडले. मामंजींनी पट्टा सोडून दिला. गाडी हायवे सोडून माजलगावच्या रस्त्याला लागली. मी म्हणाले, आता तरी तिच्यावरून काढा. आत्याबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. लेक झोपली होती. आत्ता हलवली तर उठंल, त्या म्हणाल्या. तिचं तोंड उघडं होतं आणि केसांत अजून वाळू होती. मी खटक्याकडं हात नेला, त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. रागानं नाही. त्यांना वाटलं असावं, सून उगाच घाबरलीय, धीर द्यावा.

साखर कारखाने चालू झाले होते. त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते आणि बहुतेक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. दिवेलागणीची वेळ होती. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला, तो गेला आणि आमच्या पुढ्यात उसाचा काळा ढीग उभा राहिला. नवऱ्यानं ब्रेक दाबला. गाडी जवळजवळ थांबलीच होती. जवळजवळ.

मामंजी पुढं आदळले, त्यांचा हात मोडला. नवऱ्याला आणि मला पट्ट्यानं धरलं. आत्याबाईंनाही पट्ट्यानं धरलं. पण पट्टा आणि आत्याबाई यांच्यामध्ये माझी लेक होती.

ती रडली नाही. मी तिचं नाव घेत होते, ती माझ्याकडं बघत होती आणि रडत नव्हती. लोक जमले, दारं उघडली, कुणीतरी मोबाइलचा उजेड आत धरला. तो आधी लाल खुर्चीवर पडला. दुरडी जिथल्या तिथं होती. पिंडीवर चिकटलेलं बेलाचं पानसुद्धा हललं नव्हतं. बाहेरून एक माणूस हात जोडून म्हणाला, "देवाला ओरखडा न्हाई. देव जागा हाय." मी त्याला काय बोलले ते मला आठवत नाही. नवरा सांगतो, सांगण्यासारखं नव्हतं.

माजलगावहून बीडला, बीडहून संभाजीनगरला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मणक्याला मार आहे असं सांगितलं. पट्टा रुतून आतडंही फाटलं होतं, ऑपरेशन करून ते वाचवता आलं, मणक्याचं तसं नसतं. छातीच्या खाली तिला काही कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "गाडीत कुठं बसली होती?"

"आजीच्या मांडीवर," मी म्हणाले. "एकाच पट्ट्यात."

"मुलांची खुर्ची नव्हती?"

"होती," नवरा म्हणाला.

"मग?"

नवरा खाली बघूनच म्हणाला, "तिच्यात देव होते."

मी बाहेर आले तर आत्याबाई बाकड्यावर ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीभोवती गोल धरून. शेजारच्या बाईला सांगत होत्या, "घट्ट धरलं होतं हो मी. हितंच होतं." बाजेवरची ती बाई मी ओळखली. लहानपणापासून ओळखत होते. मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांचं तोंड पुन्हा बघू नये असं वाटत होतं, आणि तरी मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले, कारण त्यांच्याजवळ बसायला घरचं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या लेकीला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा लाल खुर्ची देवघरात गेलेली होती. दिरानं दुरडी गाडीतून खुर्चीसकट उतरवली होती, घरी येईपर्यंत देव टेकवायचे नव्हते ना. मग कुणी काढली नाही. देव ज्यात तरले ती जागा सोडवायची कशी? बाया नारळ घेऊन यायला लागल्या. पुढं पुढं आत्याबाईंना त्या खुर्चीतून देव उठवायची भीती वाटायला लागली, असं मला वाटतं. मी एकदा खुर्ची मागितली. त्या म्हणाल्या, "देव बसले तिथं आता लेकराला कसं बसवू?" आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की लेकराला आता कुठंच बसवता येत नाहीये. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

याहून मला जास्त कशानं खाल्लं असेल तर गावानं काढलेल्या अर्थानं. दुकानात येणारा प्रत्येक जण मामंजींच्या प्लास्टरमधल्या हाताकडं बघून हळहळायचा आणि म्हणायचा, "पट्ट्यानं घात केला. पट्टा नसता तर लेकरू सुटून बाजूला पडलं असतं." मी पडद्यामागून ऐकायचे आणि धावत बाहेर यायचे. अहो, पट्ट्यानं नाही, एका पट्ट्यात दोघी होत्या म्हणून. तिच्या जागी तिला बसवली असती तर काही झालं नसतं. दुरडीला झालं का काही? देव वाचले ते खुर्चीमुळं वाचले. हे ऐकलं की लोक चपापायचे, देवाचं असं बोलू नये म्हणायचे आणि साखर-चहापत्ती घेऊन निघून जायचे. आमच्या गल्लीतल्या माणसांनी गाड्यांचे मागचे पट्टे सीटखाली खुपसून टाकले. माझ्या लेकीचं उदाहरण देऊन. चकलांब्याच्या एका लग्नात तर एका अनोळखी बाईनं मलाच ही गोष्ट सांगितली, दिंद्रुडच्या एका लेकराचा पट्ट्यानं मणका मोडला म्हणून, आणि स्वतःचं तान्हं पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन निघाली. मी तिच्या गाडीच्या दाराला धरून उभी राहिले. तिच्या घरच्यांनी माझी बोटं सोडवली. मी किती जणांची दारं धरू?

आता आम्ही महिन्याच्या महिन्याला संभाजीनगरला जातो. मागच्या सीटवर गादी टाकतो, लेकीला तिच्यावर आडवी निजवतो, जुन्या साडीनं सैलसर बांधतो आणि मी पायाशी अंग चोरून बसते. गाडीत ती टिंगटिंग बंद करणारी बक्कलं नाहीत आता. नवऱ्यानं ती काढून कुठं फेकली, मी विचारलं नाही. त्याचं बोलणंच कमी झालंय. दर वेळी डॉक्टर तिच्या पायांना टोचून बघतात, पाठीला हात लावून बघतात आणि म्हणतात, बघू. मी त्या एका शब्दावर महिना काढते. घरी आले की व्यायाम करून घेते, पाठीला उशा लावते, भिंतीला टेकवते. ती घसरते. मी परत टेकवते. ती माझ्याकडं बघून हसते, तिला तो खेळ वाटतो. आणि मी कुठल्या देवाला हाक मारू तेही मला कळत नाही, कारण आमचे देव तर तिच्याच जागेवर बसलेले.

लेक निजलेल्या जागेवरून देवघर दिसतं. सकाळी जाग आली की ती तिकडं मान वळवायची आणि विचारायची, "देव उतरले का?"

"नाही, बाळा."

"कधी उतरनार?"

तिला वाटायचं, देव फिरायला निघालेत, गाव आलं की उतरतील आणि खुर्ची मोकळी होईल. ती रोज विचारायची. कुरकुर नाही, हट्ट नाही, एसटीत शेजारच्याला विचारावं तसं. आत्याबाई देवघरात पाठमोऱ्या बसून ते ऐकायच्या. त्यांचा हात थांबायचा, मग पुन्हा पूजा चालू व्हायची.

गेल्या खेपेला दवाखान्यात निघायच्या सकाळी खटक्याचा आवाज आला, पण लावल्याचा नाही, उघडल्याचा. मी लेकीला कपडे घालत होते. पाहिलं तर आत्याबाईंनी दुरडी काढून साध्या पाटावर ठेवली होती. खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली, पट्ट्यांवरचं हळदकुंकू नखानं खरवडून काढलं. मग ती काखेत धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या उतरून बाहेर गाडीकडं गेल्या. नवरा मदतीला धावला, त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. गादी बाजूला सारून त्यांनी खुर्ची एकटीनंच खिडकीशी बसवली, गाडीचा पट्टा तिच्यातून ओवला, ओढून बघितला. हे सगळं त्यांना येत होतं. मला माहीतच नव्हतं.

"आन तिला," त्या म्हणाल्या. "देव उतरलेत."

लेकीनं ते ऐकलं आणि माझ्या खांद्यावरून दोन्ही हात पुढं केले. "माझी खुची," ती म्हणाली. काय सांगावं मी? कुणाला सांगावं? तिच्या आजीला, की तिला? मला माहीत होतं काय होणार आहे. रोज भिंतीशी तेच होत होतं. तरी मी तिला उचललं आणि खुर्चीत ठेवलं, कारण त्या दोघी माझ्याकडं एकाच नजरेनं बघत होत्या. तिनं स्वतःहून खटक्याकडं बोट नेलं. तेवढ्यात तिची पाठ वाकली आणि ती हळूहळू एका बाजूला कलली. डोकं खुर्चीच्या कडेला टेकलं. बोट तसंच पुढं राहिलं.

आत्याबाईंनी तिला सरळ केलं. एकेक करून पट्टे लावले, तिच्या बोटावर स्वतःचं बोट ठेवून आवाज येईपर्यंत खटका दाबला. मग हात काढून घेतला, लेक पट्ट्यांतच पुन्हा कलली, आणि त्या दार उघडं धरून ती सरळ बसेल याची वाट बघत उभ्या राहिल्या.